महाद्वाराच्या पश्चिमेला

कोल्हापूर, १ फेब्रुवारी

आज भाडेकराराची नोंदणी पूर्ण झाली. महाद्वार रोडच्या पश्चिमेला, रंकाळ्याकडे जाणाऱ्या एका बोळात, जुना वाडा पाडून बांधलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर मी आता राहतो. लिफ्ट आहे, खाली गाड्या लावायला जागा आहे, आणि वाड्याचा आड पार्किंगच्या स्लॅबखाली शिल्लक आहे, असे घरमालकीण काकू सांगतात. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी येथवर आले नव्हते, हेही त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले. कोल्हापुरात घर पाहणाऱ्याला हा प्रश्न विचारावाच लागतो.

करार अकरा महिन्यांचा असल्यामुळे नोंदणीची गरज नाही, असे एजंटाचे म्हणणे होते आणि हा समज सर्वत्र आढळतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार मात्र लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदलेला नसेल, तर अटींविषयी वाद झाल्यास उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. काकूंनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि नोंदणीला लगेच होकार दिला. मला त्यांच्याविषयी आदर वाटला.

माझ्या गॅलरीतून पश्चिमेचे आकाश मोकळे दिसते, आणि खरे सांगायचे तर या एका गोष्टीसाठी मी हा फ्लॅट घेतला. परंतु कालपासून अंबाबाईच्या मंदिरात किरणोत्सव सुरू झाला आहे, आणि त्यामुळे या मोकळ्या आकाशाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो आहे. हिवाळी अयनदिनाच्या आधी आणि नंतर जवळजवळ सारख्याच अंतरावर, म्हणजे ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत, मावळता सूर्य क्षितिजावर त्याच ठिकाणी, नैर्ऋत्येकडे झुकलेला असतो. त्याची किरणे महाद्वारातून आत येतात आणि गाभाऱ्यात पहिल्या दिवशी देवीच्या चरणांना, दुसऱ्या दिवशी छातीला आणि तिसऱ्या दिवशी मुखाला स्पर्श करतात, असा परंपरेने सांगितलेला क्रम आहे. कधी ढग आड येतात, कधी हवेतील धूळ आणि आर्द्रता. पण गेली अनेक वर्षे सर्वांत जास्त चर्चा होते ती वाटेत वाढलेल्या मजल्यांची. ढगांपुढे कोणाचा इलाज नाही. मजल्यांचे तसे नाही, ते माणसांनीच चढवलेले आहेत. शेकडो वर्षांपूर्वीच्या स्थपतींनी सूर्याची जागा अचूक हेरून हे मंदिर उभारले, आणि आपण पाण्याची टाकी कुठे बसवायची हे ठरवताना मान वर करून पाहतही नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हे सारे आज लिहिण्याचे कारण म्हणजे, पावसाळ्यात गळती होते म्हणून आमच्या गच्चीवर पत्र्याची शेड घालण्याचा प्रस्ताव सोसायटीसमोर आहे. भाडेकरूला सभेत मत नसते. तरीही संध्याकाळी मी काकूंकडे विषय काढला. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "तुम्ही लिहून द्या, मी सभेत वाचते. आमच्या सासूबाई वाड्याच्या माडीवर उभं राहून त्याच दिशेला हात जोडायच्या."

उद्या या खेपेची शेवटची संध्याकाळ आहे, त्यानंतर थेट नोव्हेंबर. म्हणून पत्रात एवढेच लिहिले आहे: शेडच्या नियोजित उंचीचा बांबू उद्या सूर्यास्तापूर्वी गच्चीच्या कडेला उभा करावा आणि त्याची सावली मंदिराच्या दिशेने कोठे जाते, ते सर्वांनी मिळून पाहावे. ती किरणांच्या वाटेत येत असेल, तर शेड घालू नये आणि गच्चीला वॉटरप्रूफिंग करून घ्यावे. गच्चीच्या दाराची किल्ली काकूंकडेच असते. बांबू मी दुपारी घेऊन येणार आहे.