पाहुणे पुढून, मालक मागून

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराचा ओटा दीड फूट उंच. बाबांना अर्धांगवायू झाला, व्हीलचेअर आली, अन् ओट्याचा डोंगर झाला. रॅम्पचा उतार एकास बारा हवा, म्हणजे दीड फुटाला अठरा फूट. आमची गल्ली नऊ फुटांची. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, हा रॅम्प तं समोरच्याच्या देवघरात जाते!"

रॅम्पच्या सरकारी अनुदानासाठी अर्ज केला. पाहणीला आलेल्या माणसाकडे टेपच नव्हता. पावलांनी मोजून गेला. पुढचे अकरा महिने "फाईल वर आहे". वर म्हणजे कुठे, हे शिपायालाही माहीत नव्हतं.

मावसबहीण इंग्लंडात असते, तिला चिडून फोन केला. तिथे कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, घरात असे बदल करायला ३०,००० पौंडांपर्यंत अनुदान देते, आणि अर्जावर सहा महिन्यांत निर्णय द्यावाच लागतो. मी म्हटलं, मजा आहे तुमची! ती हसली. सहा महिने मोजायचे ते पूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून. त्याआधी घरात काय बदल हवेत ते ठरवणारा थेरपिस्ट घर बघायला येणार, त्याचीच रांग. तोवर तिच्या सासूबाई वर्षभर स्वयंपाकघरात बसून अंग पुसत होत्या. उशीर झाला तर आधी कौन्सिलकडे लेखी तक्रार, तिथे भागलं नाही तर लोकपाल. तिनं तारखांची वही ठेवलीय. मीही आता ठेवतो.

रॅम्प शेवटी पदरचे पैसे घालून मागच्या आंगणातून काढला. बाबा मोरीजवळून घरात येतात आणि दर वेळी विचारतात, "काहून रे, मंजुरी आली का?"