पूर येण्याआधी मुलांना घेऊन बाहेर पडताना

कोल्हापुरात पूर एकाएकी अंगावर येत नाही. पंचगंगा इंचाइंचाने चढते आणि राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांचा इशारा ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघाली, की नदीकाठच्या गल्ल्यांमधून सामान माडीवर चढू लागते. पातळी २०१९ साली ५५ फुटांच्या आणि २०२१ साली ५६ फुटांच्या पुढे गेली, तेव्हाही बहुतेक घरांना आवरायला काही तास मिळाले होते. तरीही दोन्ही वेळा एका कडेवर मूल आणि दुसऱ्या हातात सुटकेस घेऊन मांडीभर पाण्यातून चाललेल्या आया मी पाहिल्या, कारण ‘मागच्या वेळी पाणी पायरीलाच थांबले होते’ हा हिशेब प्रत्येक घरात शेवटपर्यंत चालू असतो. आमचे घर जयंती नाल्यापासून जवळ आहे. नदीला फूग आली, की नाल्याचे पाणी उलटे फिरून गटारातून आधी गल्लीत येते. त्यामुळे दोन लहान मुलांना घेऊन पायी कसे निघायचे, याचा विचार मला दर पावसाळ्याआधी करावाच लागतो.

या विचाराची सुरुवात सामानापासून नव्हे, तर मुलाच्या वजनापासून व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. वर्षाचे मूल साधारण साडेनऊ किलोचे, तीन वर्षांचे चौदा किलोच्या आसपास आणि पाच वर्षांचे अठरा किलोचे असते. त्यात बरोबर घेतलेल्या पिण्याच्या पाण्याच्या प्रत्येक लिटरमागे एक किलो वाढतो. सुदृढ बाईलासुद्धा दहा किलोचे मूल आणि दहा किलोची सॅक घेऊन पावसात दीड-दोन किलोमीटर चालणे अवघड जाते, आणि वाटेत पाणी असेल तर ते धोक्याचेच ठरते. म्हणून आमच्याकडे आधी कोण कोणाला उचलणार हे ठरते आणि त्यानंतर उरलेल्या खांद्यांवर किती सामान मावेल ते पाहिले जाते. मूल उचलणाऱ्याच्या अंगावर दुसरे ओझे द्यायचे नाही आणि त्याचा एक हात मोकळा राहिलाच पाहिजे.

कोरड्या रस्त्यावर तान्हे बाळ छातीशी झोळीत बांधणे सर्वांत सोयीचे असते. त्यासाठी जुने सुती लुगडे उत्तम, कारण ते निसटत नाही. बाळाचे तोंड सतत आपल्याला दिसले पाहिजे आणि त्याची हनुवटी छातीला टेकता कामा नये. दोन बोटे मावतील एवढी जागा तिथे असावी. पावसापासून वाचवायला प्लॅस्टिकच्या पोत्याची खोळ आपण सर्रास वापरतो, पण ती मोठ्या माणसाच्या डोक्यावरच असावी. झोळीवरून प्लॅस्टिक गच्च पांघरले, तर आत बाळाचा श्वास कोंडतो. त्याच्यासाठी कुंची आणि वरून छत्री एवढे पुरेसे आहे.

पाण्यात मात्र सगळे नियम बदलतात. वाहते पाणी घोटाभर असले, तरी मोठ्या माणसाचा पाय उचलला जाऊ शकतो, आणि गढूळ पाण्याखाली गटाराचे झाकण जागेवर आहे की नाही हे वरून कळत नाही. अशा वेळी मूल घट्ट गाठी मारून अंगाला बांधू नये. आपण पडलो तर ते आपल्याबरोबर पाण्याखाली अडकते. म्हणून एका ओढीत सुटेल अशीच गाठ असावी. सॅकचा कमरेचा पट्टाही सोडून ठेवावा. खांद्यावर बसवलेल्या मुलाने आपला तोल वर जातो, त्यापेक्षा त्याला छातीशी उंच धरावे, पुढे काठीने जमीन चाचपावी आणि पाय न उचलता सरकवत चालावे. पाण्याला ओढ असेल तर मुलांना घेऊन त्यात पाऊल टाकायचेच नाही. माडी किंवा गच्ची गाठून ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ क्रमांकावर कळवून बोटीची वाट पाहायची.

पाच वर्षांच्या मुलाला कोरड्यात चालू द्यावे. त्याच्यापुरते काम दिले की ते घाबरत नाही. आमचा थोरला स्वतःच्या शाळेच्या दप्तरात एक शर्ट, चड्डी, बिस्किटाचा पुडा आणि शिट्टी एवढेच घेतो. त्याच्या दंडावर बॉलपेनने दोन मोबाईल क्रमांक लिहून मी वर पारदर्शक चिकटपट्टी लावते, म्हणजे पावसाने अक्षरे फिसकटत नाहीत. पायात चप्पल नको, ती चिखलात राहते. मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट असावेत. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होतो, त्यामुळे पायाला खरचटलेले असेल तर मुलाला त्यात उतरवूच नये.

सामानाबद्दल घरात सर्वांत जास्त वाद होतो. सासूबाईंचा जीव तांब्याच्या घागरीत आणि पितळी डब्यांत असतो, आणि तो असणारच, ती त्यांच्या माहेरची आहेत. मी त्यांना म्हणते, “आई, तुम्ही देव आणि तुमच्या गोळ्या घ्या, भांडी आपण आदल्या दिवशीच माडीवर ठेवू.” बरोबर न्यायच्या एका सॅकमध्ये दुपटी, कोरडी झबली, ओआरएसची पाकिटे, थर्मामीटर, मुलांची नेहमीची औषधे, बॅटरी, वाटी-चमचा आणि दुहेरी पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रे असतात. दुधाची बाटली मी मुद्दाम घेत नाही. निवारा केंद्रात ती नीट उकळायची सोय क्वचितच मिळते, आणि अस्वच्छ बाटलीने होणारी हगवण लहान बाळाला पुराइतकीच धोक्याची असते. अंगावर पिणाऱ्या बाळाला पाजणे चालू ठेवावे. वरचे पावडरचे दूध असेल तर उकळलेल्या पाण्यात कालवून वाटी-चमच्याने द्यावे.

सुतारवाड्यातल्या कुटुंबांना दसरा चौकातल्या चित्रदुर्ग मठात हलवतात, तसे आपल्या गल्लीसाठी कोणते ठिकाण ठरले आहे, हे महापालिकेत आधीच विचारून ठेवावे आणि उन्हाळ्यात एखाद्या संध्याकाळी मुलांना घेऊन तिथवर चालत जावे. थोरला कुठे दमतो, कोणत्या चढावर धाकट्याला या कडेवरून त्या कडेवर घ्यावे लागते आणि वाटेतला सखल भाग टाळायला दुसरा रस्ता कोणता, हे त्या फेरीत कळते. पातळी चाळिशीकडे सरकू लागली, की धाकट्याला पोटभर पाजून आम्ही त्याच रस्त्याने निघतो. गल्लीत पाणी यायची वाट पाहत नाही.