साडीगार्ड, एकास बारा

शनिवार, रात्रीचे साडेअकरा. सातारा.

दिवसभर पावसाची रिपरिप. जेवणं उरकल्यावर टेबललॅम्प लावला आणि साडीगार्ड करायला बसलो. तीन तास लागले, पण झालं. आत्ता समोर वर्तमानपत्रावर ठेवलंय. काडेपेटीच्या निम्म्याएवढं असेल. त्याच्याकडे बघूनच हे लिहितोय.

गाडी यामाहाची एसआर 400, आओशिमा या जपानी कंपनीचं मॉडेल किट, एकास बारा मापाचं, म्हणजे खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्शाएवढं. खरी एसआर 1978 साली आली आणि जपानमध्ये तिची शेवटची आवृत्ती 2021 मध्ये निघाली. एकच सिलिंडर, हवेवर थंड होणारं इंजिन आणि शेवटपर्यंत फक्त किक, बटनस्टार्ट दिलाच नाही. माझं किट 1995 च्या गाडीचं आहे, म्हणजे पुढेसुद्धा ड्रम ब्रेकच. डब्यावरचं चित्र पाहिलं तेव्हाच मला अण्णांची बुलेट आठवली.

तरी ही बुलेट नाही, आणि तिला ओढूनताणून बुलेट करायचीही नाही. जुन्या 350 बुलेटचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 70 मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 90. एसआरचं उलटं, बोअर 87 आणि स्ट्रोक 67.2. दोघींच्या इंजिनांचा स्वभावच वेगळा. पण किकची रीत मात्र सख्ख्या बहिणींसारखी आहे. अण्णा आधी किक हळूहळू दाबत, डोळे ॲमीटरच्या, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या तबकडीच्या, काट्यावर. काटा मध्यावर आला की सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर ओढून किक जराशी पुढे सरकवत, मग पाय पूर्ण वर आणून एकच लाथ. एसआरला काटा नाही. तिच्या सिलिंडरच्या हेडवर एक इवलीशी काच असते. पिस्टन योग्य जागी आला की त्या काचेत खूण दिसते. मॉडेलमध्ये मी तिथे सुईच्या टोकाने एक चकचकीत ठिपका दिलाय. सांगितल्याशिवाय कुणाला दिसणार नाही. मला दिसतो.

मागच्या आठवड्यात टाकीचा रंग पांढुरका पडला. पावसाळ्यात लॅकर मारला की हे होतंच, मी घाई केली. थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला ओलावा त्यावर बसतो. 2000 नंबरच्या वॉटर पेपरने हळूहळू घासून परत काळा मारला. या वेळी मात्र कोरड्या दुपारची वाट पाहिली आणि रंग झाल्याबरोबर टाकी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत स्टीलच्या डब्यात झाकली. आता त्यात दिव्याचं प्रतिबिंब दिसतं.

टाकीवरच्या सोनेरी रेघा हातानेच ओढायच्या हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. बुलेटच्या मद्रासच्या कारखान्यातही टाकीवर त्या हातानेच ओढतात. खरी रेघ तीन मिलिमीटर धरली तर माझी पाव मिलिमीटर. खालचा काळा लॅकर आहे, म्हणून सोनेरी रंग इनॅमलचा घेतला. रेघ चुकली की टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या काडीने पुसता येते, खालच्या काळ्याला काही होत नाही. डावी बाजू सातव्यांदा जमली. उजवी अजून बाकी आहे.

पण खरा जीव गुंतला तो साडीगार्डात. किटमध्ये ते कुठून असणार? आपल्याकडे मात्र ते कायद्यातच आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं निदान निम्मं चाक झाकलेलं हवं. एवढी जिव्हाळ्याची गोष्ट कायद्याच्या भाषेत वाचून मला फार बरं वाटलं. लहानपणी मी टाकीवर बसायचो आणि आई मागे, दोन्ही पाय डावीकडे टाकून, पदर खोचून, मांडीवर पिशवी. कास, वाई, सज्जनगड, सगळीकडे आम्ही असेच गेलो.

नाक्यावरच्या गॅरेजात एक जुनी बुलेट उभी आहे. तिच्या साडीगार्डाचं माप टेपने घेतलं. लांबी 32 सेंटिमीटर, म्हणजे माझ्याकडे 27 मिलिमीटरला थोडी कमी. सळई सहा मिलिमीटरची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची तार हवी. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे तांब्याची मिळाली, हातभर तारेचे त्याने पैसेच घेतले नाहीत.

या तारेवर वार्निशचा थर असतो. तो ब्लेडने खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही. आधी बाहेरची चौकट वाकवली, मग आतल्या पाच उभ्या काड्या. एक काडी जोडायला घेतली की शेजारची सुटायची, कारण तांबं उष्णता लगेच पुढे नेतं. शेवटी ओल्या कापसाचे बोळे केले आणि जोडून झालेल्या प्रत्येक सांध्यावर एकेक ठेवला. सोल्डरिंग गन टेकवली की कापूस चर्र वाजायचा, वाफ निघायची, पण सांधा हलत नव्हता. फेविक्विकने दहा मिनिटांत झालं असतं. पण त्याची पांढरी पूड आजूबाजूला बसते आणि चिकटवलेल्या साडीगार्डावर माझा विश्वास बसला नसता.

दहाच्या सुमारास अण्णा पाणी प्यायला उठले. चष्मा लावून त्यांनी गाडी दिव्याखाली धरली. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग उजव्या पायाने जमिनीवर हळूच किक दाबल्यासारखं केलं. "गिअर डावीकडं आहे हिला," एवढंच म्हणाले. त्यांच्या गाडीला उजवीकडे होता, एक वर आणि तीन खाली.

त्यांच्या मागून आई आली. तिने टाकीकडे बघितलंही नाही, रेघांकडेही नाही. साडीगार्डाला बोट लावलं.

"छान झालंय रे. पण पाय कुठं ठेवायचे?"

साडीगार्डाखालची आडवी पायपट्टी मी केलीच नव्हती. गॅरेजात माप घेताना ती समोर होती, तरी माझ्या डोक्यात आली नाही. आई वीस वर्षं त्या पट्टीवर पाय ठेवून बसली.

पट्टी वीस सेंटिमीटर धरली तर माझ्याकडे साधारण 17 मिलिमीटर, रुंदी सहा. तुपाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा काढून ठेवलाय, त्याला सोल्डर चांगलं धरतं. वर बारीक खाचा पाडायच्या आहेत. खऱ्या पट्टीवर रबर होतं की नुसता खरखरीत पत्रा, ते सकाळी चहाच्या वेळी आईला विचारायचं.