पलटण गेली, जमीन राहिली

लष्कर उठून गेल्यावर मागे राहिलेल्या जमिनीचं काय होतं, हे बघायला यंदा मी मुद्दाम मराठवाड्यातली तीन गावं फिरून आले. जालना, हिंगोली आणि अंबाजोगाई. तिन्ही ठिकाणी एकेकाळी हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. फौज म्हणायला निजामाची, हुकूम इंग्रजांचा आणि खर्च निजामाच्या तिजोरीतून. बरोबर माझी लेक होती. सुट्टीवर आली होती आणि खरं तर या प्रवासाचं खूळ तिच्याच गावामुळे माझ्या डोक्यात शिरलं.

ती कॅलिफोर्नियात कॉन्कर्डला राहते. तिथे अमेरिकन नौदलाचा दारूगोळ्याचा मोठा तळ होता, १९४२ सालचा. त्याच तळाच्या बंदरावर, पोर्ट शिकागोला, १७ जुलै १९४४ च्या रात्री जहाजात दारूगोळा चढवताना स्फोट झाला आणि ३२० माणसं गेली. त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय खलाशी होते. २००५ मध्ये या तळाचा आतला भाग बंद करायचं ठरलं. सुमारे ५,००० एकर, सलग, शहराला लागून, दाराशी रेल्वे स्टेशन. मी तिच्याकडे होते तेव्हा संध्याकाळी आम्ही कुंपणाच्या कडेने चालायला जायचो. उन्हाने पिवळी पडलेली टेकाडं आणि त्यात ओळीने दारूगोळ्याच्या कोठ्या, वरून माती-गवताने झाकलेल्या. मी आयुष्यभर नगरपालिकेत नगररचनेचं काम केलं. एवढी मोकळी जमीन आणि तिच्यावर एकही टपरी नाही, हे दृश्य माझ्या डोळ्यांना नवीन होतं.

शहराने आधी आराखडा केला. निम्म्याच्या आसपास जमीन उद्यानाला, उरलेल्या जागेत १२ हजारांवर घरं आणि त्यातली पाव घरं कमी उत्पन्नवाल्यांना परवडतील अशी. हे २०१२ पर्यंत ठरलं. मग आली खरी परीक्षा, विकासक निवडायची. २०१६ मध्ये लेनार कंपनीला निवडलं. बांधकाम कामगारांच्या संघटनांबरोबर तिचं जमेना, मार्च २०२० मध्ये बोलणी फिसकटली आणि कंपनी बाहेर पडली. २०२१ मध्ये दुसरा गट आला, त्यात तिथलेच जुने बिल्डर. जानेवारी २०२३ मध्ये नगर परिषदेने त्यांना पुढे जाऊ द्यायला नकार दिला. त्याच वर्षी तिसरी निवड झाली, ब्रूकफील्ड कंपनीची. तळ बंद करायचा निर्णय होऊन अठरा वर्षं झाली होती आणि बोलणी पुन्हा पहिल्या पायरीवर.

लेक याला वेळेचा नास म्हणते. ‘आई, तेवढ्यात घरभाडं दुप्पट झालं गं लोकांचं.’ तिचं खरंच आहे. पण मला त्या नगर परिषदेचं कौतुक वाटतं. आराखड्यातली पाव घरं त्या माणसांनी सोडली नाहीत. उशीर परवडला, जमीन हातची जाऊ दिली नाही. आपल्याकडे जमीन आधी जाते आणि आराखडा मागून धावतो.

आपली सुरुवात संभाजीनगरच्या छावणीतूनच झाली. ती अजून चालू छावणी आहे, महाराष्ट्रातल्या सात कटक (कँटोन्मेंट) मंडळांपैकी एक. देशभरच्या छावण्यांचे नागरी भाग जवळच्या पालिकांना जोडायचं धोरण केंद्राने घेतलं. हिमाचलातलं योल एप्रिल २०२३ मध्ये पहिलं बाहेर पडलं. इथेही तीच चर्चा आहे, म्हणून हा प्रश्न फक्त अमेरिकेतला राहिलेला नाही. छावणीतले रुंद रस्ते, जुनी झाडं आणि मधली मोकळी मैदानं बघत एसटी पकडली.

जालन्यात फार थांबलो नाही. सदर बाजारात फिरलो, चहा घेतला. फौज गेल्यावर बाजार राहिला, वाढला, आणि आज तिथे छावणीचा माग काढणं अवघड आहे. पुढे मंठा, जिंतूर, औंढा. नागनाथाचं दर्शन घेतलं. इथूनच जवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो प्रयोगशाळा होते आहे, केंद्राने २०२३ मध्ये २,६०० कोटींना मंजुरी दिली. जमीन शांत हवी, कंप नको, म्हणून देशभर शोध घेऊन ही जागा ठरली. काय करायचं ते आधी पक्कं, जागा आणि कंत्राटदार त्यानंतर. या क्रमावर माझा जीव आहे.

हिंगोलीत मात्र रेंगाळलो. स्टेशनचं नाव आजही हिंगोली डेक्कन. गावात पलटण, रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार, सगळ्या वस्त्या जागच्या जागी आहेत. वऱ्हाडची सरहद्द जवळ, म्हणून इथे फौज ठेवलेली. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने निजामाकडून वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा लिहून घेतला आणि १९०३ मध्ये कंटिन्जंट हिंदुस्थानी लष्करात विलीन झालं. त्याआधी १८५३ मध्ये याच फौजेच्या थकलेल्या पगारापोटी वऱ्हाडाबरोबर नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांकडे गेला होता, तो १८६० मध्ये परत मिळाला. फौजेचा खर्च किती जड असतो आणि त्याची फेड शेवटी जमिनीने कशी होते, याचं यापेक्षा जवळचं उदाहरण मराठवाड्यात मिळणार नाही.

फौज गेली तेव्हा हिंगोलीत ‘आता या जागेचं काय करायचं’ असं कोणी बसून ठरवल्याची खूण आज जमिनीवर दिसत नाही. माझ्या नोकरीमुळे मी रस्ते वाचते. रिसाला बाजारात मूळचा रस्ता सरळ आणि रुंद असावा असं दोन-तीन ठिकाणी स्पष्ट कळतं, मग एकदम ओटे पुढे येतात, ओट्यावर पत्रे, पत्र्याखाली दुकान, आणि पुढच्या वळणावर रिक्षाही तिरकी करून काढावी लागते. नाल्या उघड्या. मोकळी जागा म्हणावी अशी दिसली ती मशिदीसमोरची आणि एका शाळेच्या आवाराची. राहणाऱ्यांचा यात काही दोष नाही. घर लागतंच माणसाला. सरकारने रेघ मारली नाही की माणूस आपली रेघ आपण मारतो.

पेन्शनपुऱ्यात एका ओट्यावर म्हातारे गृहस्थ बसले होते. कुठून आलात, कशाला आलात, अशी चौकशी झाली. कारण सांगितलं तर म्हणाले, ‘या की मग आत.’ त्यांचे पणजोबा रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, स्वार होते. आतल्या खोलीत कपाटावरून त्यांनी फडक्यात गुंडाळलेली रिकीब काढली. एकच, जोडी नाही. लोखंडी, पाय ठेवायची पट्टी मधोमध झिजून पातळ झालेली, कडेला ठोकलेलं रिबिट पितळेचं. लेकीने हातात घेतली तर वाटली होती त्यापेक्षा जड निघाली.

‘चाचा, घोडा सरकारी असायचा का?’ तिने विचारलं.

‘नाही ना बेटी. घोडा ज्याचा त्याचा. सरकार देणार बंदूक आणि पगार. घोडा मेला तर स्वाराच्या घरात सुतक.’

हीच ती शिलेदारी पद्धत. स्वार स्वतःचा घोडा, खोगीर, कपडे घेऊन यायचा. महिन्याच्या पगारातून घोड्याचा चंदी-दाणा त्यानेच बघायचा. रिसाल्यातल्या त्याच्या जागेला असामी म्हणत आणि तिला किंमत असे. ज्याच्याकडे घोडा नसेल तो दुसऱ्याच्या घोड्यावर बसायचा, तो बारगीर. लढाई दोघेही करत. पण घोड्याच्या खुरात खडा रुतला तर रात्री उठून कोण बघणार, याचं उत्तर दोघांचं सारखं नसतं.

विकासक निवडण्याच्या फायली मी जवळून पाहिल्या आहेत. दोन लिफाफे येतात, एक तांत्रिक, एक आर्थिक. तांत्रिक लिफाफ्यात अनुभव, उलाढाल, यंत्रसामग्री. त्यात पास झाला की आर्थिक लिफाफा उघडतात आणि सगळ्यात मोठा आकडा देणारा जिंकतो. आकडा मोठा देणं सोपं आहे, कारण तो बहुधा पुढच्या ग्राहकांच्या आगाऊ पैशातून फेडायचा असतो. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या २०१६ च्या रेरा कायद्याने ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावले, तेव्हा कुठे थोडा लगाम बसला. पण रेरा प्रकल्प सुरू झाल्यावरचा कायदा आहे. कोणाला निवडायचं, हे तो सांगत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. अशा जमिनीसाठी शिलेदार निवडावा. ज्याचा स्वतःचा पैसा पहिल्या दिवसापासून जमिनीत आहे, तोही रस्ते, पाणी, मलनिस्सारण यात, जाहिरातीच्या होर्डिंगमध्ये नव्हे. सगळी जमीन एकदम नावावर न देता टप्प्याटप्प्याने द्यावी. पहिल्या टप्प्यातली परवडणारी घरं उभी राहिली, लोक राहायला गेले, नळाला पाणी आलं, मगच दुसरा टप्पा. आणि लष्करी जागेची एक गोष्ट निराळी असते, जमिनीखाली काय पुरलंय ते आधी तपासावं लागतं. कॉन्कर्डमध्ये माती-पाण्याच्या सफाईची जबाबदारी नौदलावर आहे, ती झाल्याशिवाय तुकडा हस्तांतरित होत नाही. आपल्याकडे ही अट कोण कोणावर घालणार, ते निविदा निघण्याआधी लेखी ठरलं पाहिजे. करार झाल्यावर खर्चाच्या वादात वर्षं जातात आणि जागा तशीच कुंपणात पडून राहते.

लेकीचा मुद्दा असा की शिलेदार मिळतील कुठे, लहान शहरात एवढी ऐपत कोणाची? तिचा प्रश्न चुकीचा नाही. उत्तर मला अंबाजोगाईत सापडलं, निदान अर्धं तरी.

परभणी, गंगाखेड, परळी करत आम्ही अंबाजोगाईला पोचलो. बालाघाटच्या डोंगरकडेचं गाव, हवा लगेच बदलते. निजामाच्या काळात याला मोमिनाबाद म्हणत आणि इथे घोडदळ असायचं. जून १८५७ मध्ये औरंगाबादला इंग्रजांविरुद्ध उठलेला पहिल्या नंबरचा रिसाला मोमिनाबादहूनच तिकडे गेलेला होता. त्यातल्या शिपायांना जिथे मृत्युदंड दिला तो काळा चबुतरा म्हणजे आजचा क्रांती चौक. संभाजीनगरला आम्ही त्या चौकातून रोज जातो.

योगेश्वरीचं दर्शन झाल्यावर थेट स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय गाठलं. १९७४ चं. ग्रामीण भागासाठीचं आशियातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ते ओळखलं जातं. त्यातले काही विभाग रिसाल्याच्या जुन्या इमारतींमध्ये आहेत. ज्या स्वामीजींनी निजामाविरुद्धच्या मुक्तिलढ्याचं नेतृत्व केलं, आणि त्याआधी याच गावात शाळा चालवली, त्यांचं नाव निजामाच्या घोडदळाच्या जागेवर आहे. मला ते फार योग्य वाटलं.

आवारात शिरल्यावर सगळ्यात आधी अंतर जाणवतं. एका इमारतीपासून दुसरीपर्यंत खरोखर चालावं लागतं. जाड भिंती, उंच छत, मोठाली झाडं. बाह्यरुग्ण विभागापुढे केज, धारूर, रेणापूर, परळी, सगळीकडची माणसं. केजहून सुनेला घेऊन आलेल्या एका बाई आमच्याशेजारी डबा उघडून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘इथं सावली तरी हाय बसायला. लातूरला खासगीत गेलं की जिन्यात बसावं लागतं.’ ही सावली आयती मिळालेली नाही. जागा तुकडे करून विकली नाही, म्हणून झाडं राहिली.

इथे विकासक नव्हता, सरकारच होतं, असं कोणी म्हणेल. हो, होतं. आणि सरकारनेच इथे आपला घोडा बांधला. म्हणून माझं मत झालंय की अशा जमिनीचा पहिला, मधला तुकडा विकासकाला देऊच नये. तिथे आधी रुग्णालय, शाळा, बस स्थानक, पाण्याची टाकी, असं जे गावाला पन्नास वर्षं लागणार ते सरकारने उभं करावं. त्याभोवतीच्या जागेला मग आपोआप मोल येतं आणि मध्यम ऐपतीचे स्थानिक बांधकाम व्यावसायिकही चार-पाच एकरांचे टप्पे घेऊ शकतात. मुंबई-पुण्याच्या एकाच बड्या कंपनीच्या दाराशी जायची गरज उरत नाही. कॉन्कर्डनेही घरांसाठीची सगळी जमीन एकाच मुख्य विकासकाच्या हाती द्यायची ठरवली, आणि तो गेला की सगळंच थांबलं. लेकीला हे पटलं. परळीपर्यंत ती याच हिशेबात होती, इतके टप्पे केले तर मोठी जलवाहिनी कोणाच्या खर्चाने. तो खर्चही मी सरकारकडेच ठेवीन, आणि विकासकांकडून प्रत्येक टप्प्याला विकास शुल्क म्हणून वसूल करीन.

आता संभाजीनगरकरांना एक सांगायचं आहे. छावणीचा नागरी भाग महापालिकेकडे आला तर त्याचा आराखडा करावा लागेल, आणि १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे तो प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवाव्या लागतील. ही मुदत लहान असते आणि सूचना वर्तमानपत्रात आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. मैदानं कुठली राखायची, मधला तुकडा कशाला द्यायचा, पाणी कुठून आणायचं, हे तेव्हाच लेखी द्यायला हवं. निविदा निघाल्यावर हे कोणी विचारात घेत नाही. माझं निवेदन मी लिहायला घेतलं आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी कळवा, आणि छावणीत लहानाचे मोठे झालेल्यांनी तर त्यात भर घालाच, कारण कुठली झाडं किती जुनी आणि कुठल्या मैदानात पावसाळ्यात पाणी साचतं, हे तुमच्याइतकं मला माहीत नाही.