ढब्बूचं वजन उतरवताना

आमचा ढब्बू म्हणजे ब्रिटिश शॉर्टहेअर बोका, निळसर राखाडी अंग, तांबूस डोळे आणि तोंड टम्म फुगलेल्या पुरीसारखं. नसबंदीनंतर तो सुटायला लागला, पण ह्या जातीचं असं आहे ना, की जाड झालं तरी पटकन कळत नाही, मुळात बांधाच ठेंगणाठुसका आणि वर फर एवढी दाट की सगळं झाकून जातं. येणारे-जाणारे तर "किती गुटगुटीत गं" करून कौतुकच करायचे. रेबीजच्या लशीसाठी गंगापूर रोडला डॉक्टर मॅडमकडे नेला तर काट्यावर ८.३ किलो!

ह्या जातीचे बोके ५ ते ८ किलोपर्यंत असतात, मी लगेच तेच सांगितलं. मॅडम म्हणाल्या आकडा सोडा, हलका हात फिरवून बरगड्या लागतात का बघा. नव्हत्याच लागत. ह्यांच्यात हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो म्हणून टूडी इको पण करून घेतला, तो नॉर्मल आला, मग डाएट.

मॅडमनी आधी एकच बजावलं, उपाशी ठेवायचं नाही. जाड मांजराने दोन-तीन दिवस जरी खाणं सोडलं तर चरबी लिव्हरमध्ये साठत जाते आणि जिवावर बेतू शकतं. म्हणून आठवड्याला जेमतेम शंभर ग्रॅम उतरलं तरी पुष्कळ.

आधी वाटी कायम भरलेली असायची, ती बंद. ड्राय फूड किचनच्या काट्यावर मोजून, थोडं थोडं करून दिवसभरात द्यायचं आणि सोबत पाऊचचं ओलं, त्यात पाणी असतं म्हणून पोट भरल्यासारखं होतं. खरा प्रॉब्लेम होता सासूबाईंचा. "अगं, वाटीभर दुधाने काय होतंय त्या जिवाला!" मोठ्या मांजरांना बहुतेक दूध पचत नाही हे सांगून दमले, शेवटी म्हटलं, आई, ढब्बूचं मोजमाप आजपासून तुमच्याकडे. त्यानंतर शेजारच्या काकूंची काय बिशाद त्याला बिस्किटाचा तुकडा द्यायची.

व्यायामाचं म्हणाल तर हा काही उड्या मारणारा नाही, दोरी हलवली की दोन मिनिटं खेळणार आणि आडवा. मग दाणे सोफ्याखाली, गॅलरीत असे टाकून ठेवायचो, शोध आणि खा. एप्रिलच्या उन्हात तर तो फरशीवर पसरलेलाच, म्हणून खेळ पहाटे नाहीतर रात्री. त्यात केस गळायचा सीझन, रोज ब्रश.

वजन करायला त्याला उचलून घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजा करायचं (माझं वजन घरात सगळ्यांना पाठ झालं, जाऊ दे). मधे आकडा हलेचना, तेव्हा मॅडमनी अजून थोडे ग्रॅम कमी केले.

आता ६.७ आहे, बरगड्या हाताला लागतात, मॅडमनी खाणं जरा वाढवायला सांगितलंय. आई काही अजून ऐकत नाहीत.