तिसरा अणू कुठे गेला?

स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स (असंख्य रेणूंच्या वागण्यावरून पदार्थाचे गुणधर्म काढणारं शास्त्र) शिकवताना एक प्रश्न हमखास येतो: "सर, पदार्थात एवढे असंख्य रेणू, मग आपण दोघादोघांचीच ऊर्जा का मोजतो? तिसरा शेजारी आला तर?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर सांगतो.

आरगॉन घेऊ. त्याचे सुटे अणू लांबून एकमेकांना हलकेच ओढतात. फ्रिट्झ लंडन यांनी १९३० मध्ये पुंज यामिकीतून (क्वांटम मेकॅनिक्समधून) या ओढीचा उगम दाखवला. अंतर दुप्पट झालं की तिची ऊर्जा चौसष्टाव्या हिश्शावर येते, म्हणजे सहावा घात. फार जवळ आले की अणू एकमेकांना जोरात ढकलतात. दोन अणूंमधली ऊर्जा अंतरावरून सांगणाऱ्या लेनर्ड-जोन्स सूत्रात त्यासाठी बारावा घात आहे. सहाला सिद्धान्ताचा आधार आहे. बाराला तसा नाही. सहाव्या घाताच्या पदाचा वर्ग केला की बारावा घात मिळतो, आकडेमोड सोपी होते, म्हणून तो घेतला. हे मी दरवर्षी सांगतो, कारण शेजारी शेजारी छापलेली दोन्ही पदं सारखीच भक्कम वाटतात.

विरळ वायूत तिघं एकत्र येणं दुर्मिळ. तिथे दुसरा व्हिरियल गुणांक, म्हणजे वायू आदर्श वायूपासून किती ढळतो याचं पहिलं माप, निव्वळ जोडीवरूनच निघतो, काहीही न गाळता. आरगॉनसाठी तो सुमारे ४१० केल्विनला शून्य होतो: त्याखाली ओढ वरचढ, त्यावर ढकलणं.

खरी परीक्षा द्रवात. मूळचे हैदराबादचे अनिसुर रहमान यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत ८६४ आरगॉन अणूंची हालचाल संगणकावर गणली. बल फक्त जोड्यांचं, विहिरीची खोली, म्हणजे जोडीची ऊर्जा जास्तीत जास्त किती खाली उतरते ते, तापमानाच्या एककात १२० केल्विन. अणूंच्या विसरणाचा (द्रवात इकडेतिकडे पसरण्याचा) वेग प्रयोगाशी छान जुळला! मला आजही याचं नवल वाटतं, कारण द्रवात तिसरा अणू कायम शेजारीच असतो.

आणि त्याचा परिणामही होतो. अ‍ॅक्सिलरॉड आणि टेलर यांनी १९४३ मध्ये दाखवलं, की तीन अणू समभुज त्रिकोणात असले तर एकूण ओढ थोडी घटते. जवळजवळ सरळ रेषेत असले तर वाढते. दाट पदार्थात पहिला परिणाम जिंकतो. मग रहमान यांचं उत्तर बरोबर कसं आलं? दोनच एकाकी अणूंची विहीर प्रत्यक्षात सुमारे १४३ केल्विन खोल आहे. १२० हा मोजमापांशी जुळवून घेतलेला, उथळ आकडा. द्रवात तो उथळपणा तिसऱ्याच्या परिणामाची बरीचशी भरपाई करतो. म्हणून कुणी जोडीचं सूत्र पुढे केलं, की त्यातले आकडे कशाशी जुळवून घेतलेत, हे आधी विचारा.