ॲप असताना ही पेटी कशाला?

‘मोबाईलवर तानपुरा फुकट वाजतो, मग घरभर सोल्डरचा धूर कशासाठी?’ हा प्रश्न आमच्याकडे येणारा बहुतेक प्रत्येक पाहुणा विचारतो आणि मी ‘शिकायला मिळते’ असे सांगून वेळ मारून नेतो. ते उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. ५५५ आयसीकडून, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या एका छोट्या चिपकडून, सूर काढण्यात शिकण्यासारखे जे आहे, ते एका रविवारी शिकून होते आणि मी तर आता सातवी सूरपेटी जोडतो आहे.

पहिली पेटी आईच्या भजनी मंडळासाठी केली होती. या आयसीला जोडलेला कॅपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, पुरवठ्याच्या दोन तृतीयांश विद्युतदाबापर्यंत भरतो, एक तृतीयांशापर्यंत रिकामा होतो आणि पुन्हा भरू लागतो; हे जितके जलद, तितका सूर चढा. दोन्ही मर्यादा पुरवठ्याच्याच प्रमाणात असल्यामुळे बॅटरी उतरली तरी सूर जवळजवळ हलत नाही. १९७१ मध्ये हान्स कामेन्झिंड यांनी केलेल्या या रचनेचे श्रेय जणू माझेच असल्याच्या थाटात मी आईला म्हणालो होतो, “हा सूर ढळायचा नाही.” आदल्या रात्री प्रिसेट (सूर जुळवायचा छोटा बदलता रोध) फिरवून तिची काळी चार, म्हणजे सेकंदाला २०८ कंपने, नीट लावली. (होय, मोबाईलवरच्या ट्यूनरनेच.)

दुसऱ्या दिवशी रामनवमी होती. हार्मोनियम वाजवणारे काका आजारी पडल्यामुळे सारी भिस्त माझ्या पेटीवर होती आणि ती पत्र्याच्या मांडवात, नेमकी उन्हाच्या तिरिपेत ठेवलेली होती. बाराच्या सुमारास पाळणा सुरू झाला. आत ‘१०४’ छापलेला सिरॅमिक कॅपॅसिटर होता. त्या जातीच्या कॅपॅसिटरची धारणक्षमता तापल्यावर घटते आणि सूर चढतो. तो इतका हळूहळू चढला की कोणाला कळले नाही आणि आई, गाणारे माणूस जाते तशी, त्याच्यामागून गेली. तार षड्जाला तिचा आवाज फाटला. ती थांबली, पाणी प्यायली, पुन्हा सुरुवात केली आणि तिथेच पुन्हा फाटला. शेजारची बाई हळूच म्हणाली, “वय झालं आता.”

मला शंका आली होती. ट्यूनर खिशात होता आणि तो मी काढला नाही.

पुढे बरेच दिवस मी दोष त्या दोन रुपयांच्या कॅपॅसिटरला देत असे. पण तो त्याच्या जातीप्रमाणेच वागला होता आणि शेजारच्या डब्यात पॉलिस्टरचा कॅपॅसिटर पडून होता. दुसऱ्या दिवशी पेटी उन्हात ठेवून पाहिली, तेव्हा आकडा २२० वर गेला, म्हणजे चक्क पांढरी सहा. तिसऱ्या दिवशी आईला सांगितले. ती म्हणाली, “अरे, म्हणजे मी सुरातच होते की!” आणि हसली. तरीही पुढच्या वर्षी पाळणा तिने दुसरीला म्हणायला दिला. तो पेटीमुळे की खरोखरच वयामुळे, हे मी विचारलेले नाही.

ॲप तिच्याही मोबाईलवर आहे, ते उन्हात चढत नाही, हे मला मान्य आहे. पॉलिस्टरची पेटी मात्र गच्चीवर दुपारी बारा ते तीन ठेवली असता दीड कंपनाने उतरली. आता पॉलिप्रॉपिलीनचे कॅपॅसिटर मागवले आहेत.